शटर वर करावे

मी, बू यनह्वा, वय सेहेचाळीस, व्यवसाय चपला तयार करणे, राहणार इकुनो, ओसाका, हा कागद स्वतःच्या हाताने, पूर्ण भानावर राहून आणि कुणी भरीस न घालता लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. "घाबरण्यासारखं काही नाही," असे डॉक्टर म्हणाले. आमच्या घराण्यात या वाक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते.

एक. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या आणि खालची कामाची जागा, माझी आई को चुनजा हिच्या हयातीपर्यंत तिच्याकडे राहावे. त्यानंतर ते माझी मुलगी कांग हेरिन हिचे. माझ्या थोरल्या भावाने हिस्सा मागू नये. त्याने जपानी नाव घेतले, याचा मला राग नाही. राग एवढ्याचाच, की दरवर्षी आजोबांच्या तिथीला पान वाढण्याआधी तो रस्त्याकडचे शटर खाली ओढतो आणि कडी लागली का हे तीनदा पाहतो.

दोन. शिलाई मशीन, लाकडी साचे, सोल्युशनचे डबे आणि ब्रश शेजारच्या मुन ओकजाकाकूंना द्यावेत. "तुझ्या त्या वासानं माझं लोणचं नासतं," असे त्या मला एकोणीस वर्षे ऐकवत आल्या. आता वास त्यांच्या ताब्यात. पोस्टातली शिल्लक आईच्या औषधपाण्याला.

तीन. कपाटात निळ्या कापडात माझ्या आजीचा, ह्यन मालसुनचा, समुद्रात बुडी मारताना घालायचा पितळी चष्मा आहे. एक काच तडकलेली आहे. तो हेरिनला. सोबत ही हकीकतही, कारण माझ्या तोंडून तिला ती कधी धड ऐकायला मिळाली नाही.

आजी कोरियातल्या जेजू बेटावर बुडी मारून शंखशिंपले काढायची. सरकारी सैनिकांनी डोंगराकडची गावे जाळली त्या १९४८ च्या हिवाळ्यात आजोबांना एका सकाळी बोलावणे आले. ते गेले, ते परतले नाहीत. त्याच तारखेला आम्ही त्यांची तिथी धरतो. दुसरी तारीख कुणाजवळ नाही. पुढच्या वसंतात आजी सात महिन्यांच्या माझ्या आईला घेऊन चोरून जपानला येणाऱ्या एका मचव्यात, खारवलेल्या माशांच्या पोत्यांखाली, दोन दिवस पडून राहिली. गस्तीची बोट आली. पोत्यांवर बूट वाजले. आजीने लेकराच्या तोंडावर तोंड ठेवले, समुद्राच्या तळाशी धरायची तसा दम धरला आणि त्यातला थोडा थोडा श्वास तिला देत राहिली. बूट निघून जाईपर्यंत एका छातीतल्या हवेवर दोघी जगल्या. हेरिन, त्याच हवेतून पुढे मी आले, तू आलीस. चपला चिकटवताना हे आठवले की माझा हात आपोआप थांबतो.

बोट टळली, पण तो दम कुणी सोडलाच नाही. आमच्याकडे कुणी मोठ्याने हसत नाही. पितरांची प्रार्थना नुसते ओठ हलवून म्हणतात. "आजोबा बहिरे आहेत का?" असे हेरिनने चार वर्षांची असताना विचारले होते. सगळ्यांनी तिला गप्प केले.

मी आठ वर्षांची असताना एकदा आम्ही समुद्रावर गेलो. साठीला टेकलेली आजी अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. मी शंभरपर्यंत मोजले. ती वर आली तेव्हा तिच्या तोंडून लांब, तीक्ष्ण शीळ निघाली. बेटावरच्या बायका दम सोडताना घालतात तशी. किनाऱ्यावरची कुत्री उठून उभी राहिली. आई धावत पाण्यात गेली आणि तिने आजीच्या तोंडावर हात ठेवला. "अगं आई, लोक ऐकतील ना!" आजी त्या तळव्याखाली गप्प झाली. ती शीळ मी पुन्हा ऐकली नाही.

चार. हे कलम मालमत्तेचे नाही. हेरिन सहा वर्षांची असताना जिन्यावरून पडली. रडली नाही. मी शेजारी कौतुकाने सांगत फिरले, "अगदी पणजीवर गेलीय!" तिसऱ्या दिवशी तिला पेन्सिल धरता येईना, तेव्हा कळले की मनगट मोडले आहे. तीन दिवस ती त्याच हाताने गुपचूप जेवत होती. "सांगितलं का नाहीस ग?" डॉक्टरांनी विचारले. तिने माझ्याकडे पाहिले. ते हाड अजून वाकडे आहे. ते मी वाकडे केले.

आता ती समोरच्या मासळीच्या दुकानात गिऱ्हाइकांना हाका मारते.

"चार गल्ल्यांत ऐकू जातेस. लाज वाटते मला," मी म्हणाले.

"तुम्ही तिघींनी साठवून ठेवलेला आवाज आहे, आई. मी फक्त खर्च करतेय."

गेल्या तिथीला ती प्रार्थना मोठ्याने म्हणू लागली आणि मी सगळ्यांदेखत तिच्या तोंडावर हात ठेवला. विशीतल्या मुलीच्या. त्या दिवसापासून ती दुकानाच्या माळ्यावर राहते आणि माझ्याशी बोलत नाही. तो हात मी कुणालाही वारसा म्हणून देत नाही. तो माझ्याबरोबर जाळावा.

पाच. माझे काही बरेवाईट झाले तर शटर पूर्ण वर करावे आणि बेटाकडच्या रीतीने गळा काढून रडावे. ज्यांना रडू येणार नाही त्यांनी नुसता आवाज करावा. दादानेसुद्धा. हेरिनला रडावेसे वाटले नाही तर तिच्यावर सक्ती नाही. मात्र यापुढे आजोबांचे पान तिने वाढावे आणि प्रार्थना तिच्या आवाजात म्हणावी.

हा कागद मी दोन साक्षीदारांना वाचून दाखवला. सवयीप्रमाणे पुटपुटत वाचत होते. आई कोपऱ्यात बसून भाजीसाठी आणलेल्या मोडांची टोके खुडत होती.

"मोठ्यानं वाच ग, मला ऐकू येत नाहीये."

"आई, शटर उघडं आहे."

"दिसतंय मला."

म्हणून पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने वाचला. चौथ्या कलमापाशी समोरच्या दुकानातली हाक थांबली आणि शेवटपर्यंत पुन्हा आली नाही, असे दुकानाचे मालक, साक्षीदार क्रमांक एक, यांनी नमूद करायला सांगितले. ते नमूद केले आहे.

सही व शिक्का: बू यनह्वा

साक्षीदार:
१. प्येक सोंगगिल, मासळीविक्रेते
२. ओ जंगिम, निवृत्त शिक्षिका

इकुनो, ओसाका
६ नोव्हेंबर २०१९