शेवटची दोन मिनिटं

२१ डिसेंबर, रविवार

हरलो. पुन्हा तसंच — पुढे असताना, शेवटच्या दोन मिनिटांत हातचं घालवलं.

मी नेहमीसारखी स्टेडियममध्ये लोकांत बसले होते. कोचच्या बायकांसाठी काचेआड गरम खुर्च्या असतात, पण तिथे सगळ्याजणी एकमेकींचे चेहरे वाचत बसतात. मला ते सोसत नाही. पुढच्या रांगेतला जाड्या वळून म्हणाला, "बाई, या होल्कमला बचावाचा कोच कोणत्या गाढवाने केला?" म्हटलं, "मलाही तोच प्रश्न पडलाय." तो खूश. थर्मासमधली कॉफी दिली मला. गॅरेट होल्कम माझा नवरा आहे हे सांगून त्याचा रविवार आणखी कशाला नासवू?

२२ डिसेंबर

सकाळपासून रेडिओवर गॅरेटची चिरफाड. अमेरिकन फुटबॉलमध्ये मुख्य कोच वेगळा, हल्ल्याचा कोच वेगळा, पण हरलो की शिव्या बचावाच्या कोचला. एकजण त्याच्या बाजूने बोलला — "समोरच्याला सगळ्यात कमी गुण देणाऱ्या संघांत आपण पाचवे आहोत, त्याला काढायचं कशाला?" दुसरा म्हणाला, "पाचवे? मग सामने कोण हरतंय, माझी आजी?"

बरोबर दोघंही. इथेच घोडं पेंड खातं. यंदा कितीतरी सामन्यांत समोरच्या संघाचा चेंडू फेकणारा मुख्य गडी जखमी होता, बदली पोरं आली होती. म्हणून आम्ही पाचवे. हे आकड्यात दिसत नाही. मला दिसतं — लग्न झाल्यापासून दुसरं पाहिलंय काय मी?

२५ डिसेंबर

गॅरेट जेवणाच्या टेबलावरही सामन्याचं चित्रण बघत होता. आमच्या पोरीने, टेसाने, त्याच्या हातातून टॅब्लेट काढून घेतला.

भांडी पुसताना ती मला म्हणाली, "मॉम, डॅडला काढणार का?" म्हटलं, माहीत नाही. तर म्हणते, "शाळेचं शेवटचं वर्ष राहिलंय माझं. ही चौथी शाळा. पहिल्यांदा कोणी माझ्यासाठी डब्याच्या सुट्टीत जागा धरून ठेवतं. मी परत कुठेही जाणार नाही, सांगून ठेवते."

आम्हा कोचच्या बायकांत एक रीत आहे — सामानाची खोकी फेकायची नाहीत, चपटी करून पुढच्या गावासाठी गॅरेजमध्ये ठेवायची. संध्याकाळी टेसाने सगळी बाहेर कचऱ्यात नेऊन टाकली. मी परत आणली नाहीत.

२८ डिसेंबर

जिंकलो. घरात कोणी विषय काढला नाही.

१ जानेवारी

खरं लिहिते, इथे कोण वाचतंय! प्रत्येक गावी हेच झालं. पहिलं वर्ष बरं, दुसरं झकास, तिसऱ्या वर्षी सगळ्यांना त्याची खोड कळते. सामनाभर त्याची पोरं समोरच्याच्या अंगावर तुटून पडतात, बघत राहावं असं. मग शेवटची दोन मिनिटं येतात, आपण पुढे असतो, आणि हा सगळ्यांना मागे खेचतो. चोर दारात असताना घरातल्यांनी मागच्या खोलीत जाऊन बसावं तसं. समोरचा आरामात, थोडं थोडं करत, आत येतो.

एकदा विचारलं होतं. म्हणाला, "पुढे असताना धोका कशाला घ्यायचा?" पुढे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं की काय, कोण जाणे.

४ जानेवारी, रविवार

मोसम संपला. पुढे होतो. शेवटची दोन मिनिटं. मी बघितलंच नाही, डोळे मिटून घेतले. ओरडा ऐकून कळलं.

५ जानेवारी, सोमवार

काळा सोमवार. आज देशभर कोचना काढतात. आम्ही बायका दुपारपर्यंत एकमेकींना फोन करत नाही — घंटी वाजली तरी काळजाचं पाणी होतं.

संघाच्या मालकाने, फिंचरने, गॅरेटला दहाला बोलावलंय. हा बाहेर गाडीवरचा बर्फ खरवडत होता. मी त्याची टोपी घेऊन गेले. पाठमोराच म्हणाला, "फिंचरच्या जागी तू असतीस तर ठेवलं असतंस मला? खरं सांग."

टेसा डोळ्यांसमोर आली. "हो" म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर! पण त्याने असं कधी विचारलंच नव्हतं. म्हटलं, "नाही. तू वाईट कोच नाहीस. पण जिंकायची वेळ आली की तुला भीती वाटते, आणि ती पोरांना कळते."

खरवडणं थांबलं. मग टोपी घातली, "बरं" म्हणाला, आणि गेला.

तेव्हापासून ओट्यापाशी उभी आहे. जीव थाऱ्यावर नाही. फिंचर काढणारच, तर निदान माझ्या तोंडून कशाला ऐकवलं मी? देवा, ठेव त्याला. एकच वर्ष.

५ जानेवारी, संध्याकाळ

काढलं नाही. फिंचर म्हणाला, "पाचवा नंबर आहे, आणखी दोन वर्षं राहा." करार टेबलावर तयार होता.

गॅरेट नको म्हणून आला! "मी तसंच करत राहीन," म्हणाला, "तू बरोबर बोललीस." आवाज इतका मोकळा की मला भीती वाटली. टेसाला त्याने स्वतःच सांगितलं, सगळं, माझं बोलणंसुद्धा.

तिने बापाला मिठी मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एक दिवस खोटं बोलता आलं नसतं का तुला?"