दोन सीटांचा मुराळी

वरोरा, ता. ४ एप्रिल २००३

चि. सौ. साधनास प्रफुलदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आपल्या आचलचं लग्न ठरलं. तू आपल्या मनानं लग्न केल्यापासून बाबांनी तुझं नाव काढलं नव्हतं, पण धाकटीच्या लग्नात तू हवीस म्हणतात. मुराळी म्हणून मीच तुला न्यायला येतो. नागपूरच्या एका शौकिनाकडून जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली आहे. दोनच सीटा, पण रस्त्याला चिकटून काय पळते! तुझ्या नवऱ्याची, जंगूची, ती लष्करी लिलावातली जोंगा जीप मात्र मांडवासमोर नको. पाहुण्यांना वाटेल, धाडच पडली.

दादावर लोभ असू दे.
प्रफुल

एटापल्ली, ता. ११ एप्रिल

ती. दादास साधनाचा सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी आनंद झाला, मग सीटा मोजल्या. एक तुझी, एक माझी. यांना काय डिक्कीत बसवणार होतास? बाबांना जावई नको, हे एका पोस्टकार्डात मावलं असतं, त्यासाठी लाल गाडी कशाला घेतलीस?

रस्त्याला चिकटते म्हणे! इथं आधी रस्ता तर असू दे. आमच्या नाल्यात तिचं पोट टेकलं की पोरं टपावर बसून मासे धरतील. आमची जोंगा दिसायला रानगवा आहे, कबूल. आत बोलायचं तर ओरडावं लागतं. पण बाजारच्या बाया, धानाची पोती, कुणाची बकरी, सगळं तिच्यात मावतं, आणि यांनी आजवर कुणाला उतर म्हटलेलं नाही. मुराळ्यानं आधी जावयाला नारळ देऊन विचारायचं असतं, ही रीतही तू गाडीच्या नादात विसरलास.

आचलचं लग्न मला फार पाहायचं आहे रे. पण यांना सोडून येणार नाही.

रागावलास तरी माया तोडू नकोस.
तुझी साधना

वरोरा, ता. १९ एप्रिल

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. बाबा भडकले, म्हणाले, राहू दे तिले तिथीच. आई आजवर त्यांच्यापुढं बोलली नव्हती. ती उठली, पिशवी भरून माझ्या गाडीच्या दुसऱ्या सीटवर ठेवली आणि म्हणाली, मुराळी मीच, जावयाले नारळ मीच देईन, अन् लग्नाले त्याच्याच जोंगात येईन. पुढच्या रविवारी निघतो. आलापल्लीपर्यंत माझी गाडी येईल, पुढं जंगूरावांनी आईला न्यायला यावं, ही विनंती.

तुम्हा दोघांचा लोभ हवा.
प्रफुल

ता. क. काल बाबा गाडीभोवती घुटमळले आणि मीही येतो म्हणाले. आई म्हणाली, बसाले जागा कुठी हाय?