लाल नळाची नाडी

आई, आज गीझर चालू केला. दरवर्षीपेक्षा लवकरच. खाली दुकानात लोक अजून अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरताहेत, पण मी कशाला कुणाची वाट बघू? उद्या बाळ घरी येतंय. तुझ्या नातीची लेक. दिवस भरायच्या आत आली, म्हणून इतके दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. नर्सनं दोनदा बजावलं, बाकी काही चुकलं तर चालेल, पण हिला गारठा लागू देऊ नका, ऊब गेली की हिचं वजन उतरतं. मी म्हटलं, सिस्टर, ते माझ्यावर सोडा. आणि घरी येऊन ओढणी कमरेला खोचली.

गावाकडच्या लोकांना वाटतं, बहरीन म्हणजे बारा महिने भट्टी. त्यांनी एकदा जानेवारीत हूरा वस्तीतल्या या फ्लॅटमध्ये अनवाणी चालून दाखवावं. उन्हाळ्यासाठी बांधलेली घरं ही, थंडीचा विचारच कुणी केलेला नाही. शमाल सुटला, म्हणजे तो उत्तरेचा वारा, की खिडकीतल्या एसीच्या फटींतून सरळ पलंगावर येतो. तू मात्र विदर्भातली थंडी खाऊन आलेली. दिवाळीचा फराळ संपला की तुझी मोहीम सुरू. बाबांची जुनी कामाची पँट फाडून एसीच्या कडांना कोंबायचीस, वरून पुठ्ठा, त्यावर खाकी टेप. वाकळी गच्चीवर उन्हात. पलंगाखालचा गालिचा झटकून फरशीवर. शेजारणी हसायच्या आणि शमाल सुटला की आपल्याकडेच येऊन बसायच्या. मी आज तेच सगळं केलं, फक्त पँट जावयाची घेतली. लेक म्हणाली, "मम्मा, धिस इज बहरीन, नॉट काश्मीर." मी म्हटलं, "खलास, माझ्या घरात माझं काश्मीर." जावयानं सीफच्या मॉलमधून हीटर आणलाय. चांगला आहे, राहू दे. पण फट बुजवली नाही तर हीटर कुणाकुणाला ऊब देणार, समुद्राला?

सगळं झाल्यावर नाडी बांधली. तुझ्या परकराची नाही गं, ती कधीच विरली. माझ्या सलवारीची, पण लालच.

लेकीला ते कळेना. ती गेली काही वर्षं नव्या टॉवरमध्ये राहते, तिथं नळ शहाण्यासारखे वागतात. आपल्याकडे उन्हाळाभर सगळा उलटा कारभार. गच्चीवरची टाकी तापते, म्हणून निळ्या नळाला चहा होईल असं पाणी. गीझर मात्र बंद, त्यातलं पाणी घरात राहून निवतं, म्हणून गार पाणी हवं तर लाल नळ सोडायचा. सात-आठ महिने हाताला हेच वळण. आणि एक दिवस गीझर चालू होतो, की त्याच लाल नळाला उकळतं पाणी. म्हणून तू त्या दिवशी लाल नळाला नाडी बांधायचीस. हात लागला की आठवण.

एकदा माझ्या शाळेतल्या मैत्रिणी घरी येणार होत्या. न्हाणीघरात परकराची नाडी लोंबतेय म्हणून मी ती सोडून खिशात घातली. तुला दोन मिनिटांत कळलं. तू सगळ्यांसमोर हात पुढे केलास. "काऊन वं, लाज वाटते काय? भाजलं म्हणजे ह्या मलम लावाले येतीन काय?" आणि त्यांच्यादेखत परत बांधलीस, चांगली दुहेरी गाठ मारून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मैत्रिणींना मराठी कळत नव्हतं, तेवढीच इज्जत वाचली.

इथवर लिहिलं आणि दवाखान्यातून फोन आला. मग कसलं लिहिणं! आज परत बसलेय. बाळ आलं, वजन घेतंय, खोली उबदार आहे, टेप एक कडसुद्धा उचलत नाही. डॉक्टरनं धुरी नको म्हणून सांगितलं, ते ऐकलं. आंघोळ झटपट करा म्हणाली, तेही ऐकलं.

काल पहिली आंघोळ. लेक दाराशी गरम टॉवेल घेऊन उभी, तिचा चेहराच पांढरा. "मम्मा, आर यू शुअर?" मी म्हटलं, "तुला कुणी धुतलं होतं? बस गप." पाय पसरून बसले, कोपरानं पाणी बघितलं, बाळाला पायांवर घेतलं. एवढीशी पाठ, माझ्या तळव्यात मावते. आणि बाईसाहेबांनी नेमकं तेव्हाच बादलीपर्यंत उडेल अशी शी केली. लेक ओरडली. मी बाळाला डाव्या हातावर उचललं, बादली ओतून टाकली, नवं पाणी घ्यायला नळाकडे वळले. आधी गार, मग गरम, तुझाच नियम. बाळाचे पाय नळाच्या तोंडाशीच होते. माझा हात गेला तो सरळ लाल नळाकडे. बोटांना नाडी लागली.

मी निळा नळ सोडला. बाळाची आंघोळ छान झाली, टॉवेलात गुंडाळल्याबरोबर झोपलं. लेक म्हणाली, "यू आर सो कॉन्फिडंट, मम्मा." मी म्हटलं, मग!

आई, तू ती नाडी कुणासाठी बांधायचीस गं? मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्यासाठी.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच सांगते. लेक झोपल्यावर मी गुपचूप न्हाणीघरात गेले आणि नाडीला आणखी एक गाठ मारून आले. आज सकाळी लेकीनं विचारलं, नाडी कधी काढायची? मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस, तुला अजून सवय व्हायचीय.