कव्हरवरची पायल

१२ सप्टेंबर, शुक्रवार
गणपतीचे बॅनर संपले, नवरात्राचे सुरू व्हायचेत. मधले चार दिवस पाठ टेकायला मिळतील म्हटलं, तर ऋतुजा दुकानात हजर. आमच्या गल्लीतल्या सरांची धाकटी. दिवाळी अंक काढतेय, ‘ठेका’. कथा नाही, कविता नाही, फक्त कॉलेजची पोरं ऐकतात ती गाणी. रॅप, डीजे, मोबाईलवरची. प्रत्येक गाण्याशेजारी चौकोन छापायचा, स्कॅन केलं की गाणं वाजणार. म्हटलं, बुलडाण्यात हे विकत घेणार कोण? "काका, तुम्ही फक्त डिझाइन करा." हो म्हणून बसलो. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.

१६ सप्टें., मंगळ.
ऋ.ला सगळं गुलाबी-पिवळं, डोळ्यांत घुसणारं पाहिजे. तिला राशिभविष्य नको होतं. समजावलं, बाई गं, घरातली मोठी माणसं अंक उघडतात ते तिथूनच. शेवटी बारा राशींना बारा गाणी असं ठरलं. माझ्या राशीला रडकं आलंय.
टायपिंग माझ्या लेकीनं, स्नेहलनं घेतलं, शाळेत शिकवून आल्यावर दोन तास. पोरीला ही सगळी गाणी पाठ आहेत. मला पत्ताच नव्हता.

१९ सप्टें., शुक्र.
कव्हरवर पायल. पिंपळगाव राजाची, बी.ए.ला आहे. वऱ्हाडीत स्वतः गाणी रचते, बाजेवर बसून म्हणते, भाऊ मोबाईलवर काढतो. जिल्ह्यातल्या पोरांच्या तोंडी तीच. भावानं फोटो पाठवला. दुपारभर बसून कव्हर केलं. ऋ. खूश. मीही, थोडासा. मान मात्र धरली.

२३ सप्टें., मंगळ.
पायल आणि तिची आई प्रूफ बघायला आल्या. पायल स्क्रीनजवळ वाकली. मग म्हणाली, "काका, हे कोन व्हय?"
आई म्हणे, "माय वं, किती मस्त दिसून राह्यली! हेच राहू द्या भाऊ."
"माह्या गाण्यात मीच म्हनतो का मी सावळी हावो. अन् कव्हरवर दुधासारखी? पोरं हसतीन मले. असंच छापाचं असंन तं माहं नाव काढा."
चहा तसाच ठेवून गेली.
खरं सांगायचं तर मी चेहरा उजळला हे माझ्याच लक्षात नव्हतं. फोटो उघडला की हात आपसूक तिकडं जातो. नगरसेवक, नवरी, पहिल्या वाढदिवसाचं बाळ, श्रद्धांजलीतले आजोबा, सगळे दोन शेड उजळूनच फ्लेक्सवर जातात. एवढ्या वर्षांत कुणी तक्रार केली नाही. कमी पडलं म्हणून मात्र पुष्कळ आले.

२४ सप्टें., बुध.
मूळ फोटो नाही. त्याच फाइलवर काम करून त्यावरच सेव्ह, ही माझी जुनी खोड. तिच्या भावानं फोन बदलला, त्याच्याकडंही नाही. मग गोरा केलेला चेहरा परत सावळा करायला बसलो. आधी राखेसारखा झाला, मग तांब्यासारखा. तिसऱ्यांदा करताना कळलं, पोरीचा खरा रंग मला आठवतच नाही. काल अर्धा तास समोर बसली होती. लाज वाटली.
ऋ.चं म्हणणं, पायल नसेल तर कव्हरच नाही, आणि पायल मागे हटणार नाही. फाइल शनिवारी, चार तारखेला, अकोल्याला प्रेसमध्ये गेलीच पाहिजे.

२८ सप्टें., रवि.
खामगावहून गाडी बदलून पिंपळगाव राजाला. स्नेहल म्हणाली मीही येते. बरं झालं. माझ्याशी पायल तोडून बोलत होती, स्नेहलनं तिचं एक गाणं मधूनच उचललं आणि दोघी हसायला लागल्या. आईनं पावडर लावली, पायलनं ओढणीनं पुसली. चारच्या उन्हात अंगणात फोटो काढले.
निघताना आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, जरासं तं उजळवा. पुढं पोरीचं पाहा लागते ना."
मागच्या वर्षी स्नेहलच्या बायोडाट्याचा फोटो मीच असा केला होता. पाहायला आलेली माणसं पोहे खाता खाता तिच्याकडं बघत होती, जणू फोटोतली मुलगी आतून यायची बाकी आहे. नकार आला. पत्रिका जुळली नाही, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. फोटोबद्दल स्नेहलला मी आजवर एक शब्द बोललेलो नाही.
परतीच्या गाडीतही नाही बोललो.

४ ऑक्टो., शनि.
सकाळी फाइल गेली. पायलला नवं कव्हर आधी पाठवलं होतं. तिचं उत्तर, "आता मी वाटून राह्यली." दुपारी प्रेसवाल्याचा फोन. "दिलीपभाऊ, चेहरा डार्क येऊन राह्यला. इकडून उजळवून देऊ का, नेहमीसारखा?" नको म्हटलं. "मंग कव्हर अंधारं आलं तं मले म्हनू नका." तरी तो उजळून ठेवणार नाही, याची खात्री नाही. गठ्ठे आल्यावरच कळेल.
दमलोय. पण दुकान बंद करताना स्नेहलला सांगून टाकलं. फोटो, पोहे, सगळं. वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.
"मले माहीत होतं बाबा," म्हणाली. "मूळ फोटो आहे का?"
माझी खोड मला माहीत, तरी फोल्डर उघडून खालपर्यंत शोधत राहिलो. ती मागे उभी.
"नाही ना? मग आत्ता काढा." स्टूल ओढून दारातल्या उजेडात बसली. केस शाळेतून आल्यासारखेच. पहिला हलला, दोनदा काढावा लागला.
फोटोला हात लावला नाही. आहे तसाच घरी सुमनला, स्नेहलच्या आईला, दाखवला. पुढच्या रविवारी मेहकरचे पाहुणे येणार आहेत, त्यांनी आज फोटो मागितलाय.
"कोनता पाठवू?" सुमन मला विचारतेय. स्नेहल भांडी लावायची थांबलीय.