अकरावं दार

प्रिय नकाशा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधली पानं उडवून थेट शेवट गाठायची तुझी जुनी खोड मला माहीत आहे, पण इथे तसं केलंस तर हाती काही लागणार नाही. या नावानं तुला आता कोणी हाक मारत नसेल. चाहत्यांच्या मंडळात तुला सगळे ज्ञानकोश म्हणतात, वर्तमानपत्रात ‘दूरतळ’चा नवा निर्माता म्हणून तुझा फोटो येतो, आणि मालिका काढणाऱ्या कंपनीच्या बाई तुझ्याशी बोलताना आवाज मऊ करतात. मला मात्र वहीच्या मधल्या जोडपानावर जीभ बाहेर काढून अंतराळतळाचा नकाशा रंगवणारा खालच्या मजल्यावरचा मुलगाच आठवतो. मी वरच्या मजल्यावरची. दर गुरुवारी टीव्हीवर ‘दूरतळ’चा भाग संपला की मधल्या बावीस पायऱ्या मी दोन-दोन करून उतरायचे आणि आपण दोघं पुढच्या भागात काय व्हायला हवं यावर तुझ्या आईचं डोकं उठेपर्यंत भांडायचो.

मी बरी आहे, विचारणार नाहीस तरी सांगते. अजून त्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवते. टेबलावर प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि समोरच्या भिंतीवर तूच काढलेला तळाचा एक नकाशा. तो काढून टाकायला मी तीनदा स्टुलावर चढले आणि तीनदा उतरले. आमच्या कामात एक बरं असतं, दात बसला नाही तर तो कोणाचंही ऐकत नाही, पुन्हा घासावाच लागतो. माणसांचं तसं नसतं. ती न बसणारी गोष्टही तीस वर्षं तोंडात घेऊन फिरतात.

आपण तेरा वर्षांचे होतो तेव्हा तुझा टायफॉइड उलटला. सहा आठवडे तू वॉर्डात, टोकाच्या खाटेवर. मला शुक्रवारी चार ते पाच भेटायची परवानगी होती. त्या सहा आठवड्यांत ‘दूरतळ’चे सहा भाग झाले, चव्वेचाळीस ते एकोणपन्नास, आणि ते तू पाहिले नाहीस. पाहणार कुठून? वॉर्डात टीव्ही नव्हता. एक भिंतीवरचं घड्याळ होतं, तेही मागे चालणारं. मी यायचे, खाटेच्या पायाशी बसायचे आणि तुला अख्खा भाग सांगायचे. तू डोळे मिटून ऐकायचास. कोण कुठे उभं होतं, कोणाच्या हातात काय होतं, सगळं विचारून घ्यायचास. यातलं तुला सगळं आठवतं, मला माहीत आहे. आता जे सांगते आहे ते तुला माहीत नाही.

चव्वेचाळिसाव्या भागात तळावरचा तुझा लाडका दिशादर्शक आजारी पडला. ज्याच्यासारखा भांग पाडायचास, ज्याची सही वहीवर गिरवायचास, तोच. मी ते बघून खाली उतरत होते, तर तुझी आई, माझ्या काकू, जिन्यात भेटल्या. घरून तुझे धुतलेले कपडे घेऊन परत दवाखान्यात निघाल्या होत्या. गालावर बाकाच्या फळीची खूण, चार रात्री दवाखान्यातल्या बाकावर काढलेल्या. मी काय पाहिलं ते बोलून गेले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “त्याला यातलं काही कळता कामा नये. विचारलं तर काहीही सांग, पण तो पोरगा बरा झाला असंच सांग. आणि ही गोष्ट पोटात ठेव.” त्यांना डॉक्टरांनी आदल्या दिवशी काय सांगितलं होतं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पंचेचाळिसाव्या भागात दिशादर्शक मेला. चांगला दहा मिनिटं घेऊन मेला.

तेव्हा, नकाशा, तू ऐकलेले सहाच्या सहा भाग मी रचले होते. शाळेतून येता येता, रस्त्याच्या कडेनं चालत, मोठ्यानं बोलून बघत. त्याला मरू द्यायचं नव्हतं, पण तो पुढच्या भागांत दिसणारही नव्हता. म्हणून मी त्याला अकराव्या दारामागे पाठवलं. तळ वाचवण्यासाठी तो त्या दालनात शिरतो, दार लागतं, आणि आत तो जिवंत राहून दिव्याच्या खुणा पाठवत राहतो. ते दार फक्त आतून उघडतं, हे मला कुठून सुचलं माहीत आहे? औषधांच्या खोलीत आतून कडी लावून शांतपणे डबा खाणाऱ्या तुझ्या नर्सबाईंवरून. आणि त्या दालनातला हिरवा पडदा, ज्याचं तू दर भाषणात एवढं वर्णन करतोस, तो तुझ्याच खाटेभोवतीचा होता. मी बोलत होते तेव्हा तो समोरच लटकत होता.

पुढे कंपनीनं जुन्या टेपा पुसून त्यांवर दुसरं काही भरलं, आणि नेमके ते सहा भाग जगातून गेले. तिथून तुझं नशीब उघडलं. चाहत्यांच्या मंडळात हरवलेले भाग बारकाव्यानिशी आठवणारा तू एकटा निघालास. पहिल्यांदा जेव्हा तू उभा राहून म्हणालास, की मी हे वॉर्डातल्या टीव्हीवर पाहिले, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होते. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि नजर काढून घेतलीस. मला वाटलं, गडबडीत बोलून गेला, नंतर सुधारेल. तू सुधारलं नाहीस, छापलंस. मंडळातले बिचारे पोस्टमास्तर दर वेळी हात वर करून म्हणायचे, की मला तर तो पोरगा मेल्याचं आठवतंय. तू त्यांना विचारायचास, पडद्याचा रंग कोणता होता? त्यांना सांगता यायचं नाही आणि सभा हसायची. शेवटी त्यांनी येणंच सोडलं. त्यांच्यासाठी मी तेव्हा तोंड उघडलं नाही, काकूंना दिलेला शब्द आडवा आला, आणि याचा राग मला तुझ्याइतकाच स्वतःचाही आहे.

मग कंपनीनं जाहीर केलं, की ‘दूरतळ’ नव्यानं करायचं आहे, चाहत्यांनी कल्पना पाठवाव्यात. आठव ते रविवार. वाचनालयाच्या वरच्या खोलीत चाळीस माणसं आणि चाळीस ‘दूरतळ’. बस कंडक्टरला तळ समुद्राखाली न्यायचा होता, गणिताच्या मास्तरांना सगळे जुने नट पांढऱ्या केसांनिशी परत हवे होते, आणि ती शिवणकामवाली म्हणायची, की बाकी काही करा पण सुरुवातीच्या संगीताला हात लावाल तर याद राखा. मी इतक्या खुशीत कधीच नव्हते. मी दोन महिने वही भरली. माझा तळ दुरुस्ती करणाऱ्यांचा होता. कप्तान, सेनापती सगळे बाजूला, गोष्ट नळ जोडणाऱ्या नि तारा बदलणाऱ्या बायकांची, आणि पहिल्याच भागात त्या बाहेरून अकरावं दार कापून काढतात.  तू मला मधेच थांबवलंस. सत्तेचाळिसावा भाग, म्हणालास, दिशादर्शक स्वतः सांगतो की दार फक्त आतून उघडतं. मग सभेकडे वळून, हसत, “लक्ष देऊन पाहिलं असतं तर कळलं असतं.” माझंच वाक्य. माझ्या वाक्यानं मला चाळीस माणसांपुढे गप्प बसवलंस, आणि मी दातओठ खात खाली बसले.

एवढ्यावर थांबला असतास तर मी आणखी तीस वर्षं मूग गिळून बसले असते. पण कल्पना पाठवणाऱ्यांतून कंपनीनं सहा जणांची नावं काढली होती, त्यात माझं होतं, आणि आठवड्यानं आभाराचं पत्र आलं, की या खेपेस तुमचा समावेश करता येत नाही. त्या पाकिटात कारकुनाच्या चुकीनं आणखी एक कागद आला. कंपनीनं माझ्याबद्दल मागवलेलं तुझं मत. ‘कल्पनाशक्ती आहे, पण वस्तुस्थितीची चाड नाही. मनचं घालून सांगते.’ तुझ्या सहीसकट. आणि त्याच महिन्यात नवा निर्माता म्हणून तुझी मुलाखत, नवं ‘दूरतळ’ अकराव्या दारापासून सुरू होणार, मूळ भागांशी इमान राखून. मी तो कागद टेबलाच्या खणात मेणाच्या पट्ट्यांखाली ठेवला. रोज खण उघडते, रोज दिसतो.

दोन महिन्यांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ कवळी टोचते म्हणून भांडायला थेट माझ्या खोलीत आले. भिंतीवरचा नकाशा बघून भांडण विसरले. ते ‘दूरतळ’चे ध्वनिमुद्रक होते. टेपा पुसायचा हुकूम निघाला तेव्हा त्यांनी काही भागांच्या प्रती करून घरी नेल्या होत्या, माळ्यावर ठेवल्या होत्या, आणि आजवर कोणी विचारलं नाही म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. कोणते भाग, हे तुला सांगायला नको. त्यांची कवळी मी इतकी सुरेख बसवून दिली, की ते टेपांचे डबे स्वतः रिक्षात घालून घेऊन आले. दोन रविवार दुपारी बसून मी सगळे पाहिले. दार नाही. खुणा नाहीत. पडदा नाहीच. पंचेचाळिसाव्या भागात दिशादर्शक मरतो, पोस्टमास्तरांना आठवत होता अगदी तसाच, खिडकीकडे तोंड करून.

डबे मी कंपनीच्या बाईंना दिले. त्यांनी प्रत्येकाची सुरुवातीची पाटी पाहिली, खरे आहेत याची खात्री केली आणि आनंदानं मला मिठी मारली. पुढचं पाहायला त्यांना सवड नव्हती, आणि मी आग्रह केला नाही. आज दुपारच्या कार्यक्रमात शेवटी एक दुर्मिळ भेट आहे, एवढंच तुला कळवलंय ना? ती भेट हीच. आधी तीनशे माणसांपुढे तू नेहमीसारखे हात हलवत सहा भाग सांगशील, हिरव्या पडद्यासकट. मग दिवे जातील आणि पडद्यावर ते सहा भाग सुरू होतील. पोस्टमास्तरांना मी स्वतः घरी जाऊन आमंत्रण दिलंय. त्यांना पहिली रांग दिली आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते. मी लिहिणार नव्हते. पण तीन आठवड्यांपूर्वी काकू नवी कवळी बसवायला आल्या होत्या. तू मुलाखतीत म्हणाला आहेस ना, की सहा आठवडे मी एकटा पडून होतो, सोबतीला फक्त टीव्ही होता? ती मुलाखत त्यांनी वाचली होती.  दात काढलेल्या तोंडानंच म्हणाल्या, “तुला शब्दातून मोकळी करते. फार शेफारलाय तो, दाखव त्याला. फक्त आधी सांग, माझं लेकरू आहे.” किती आधी, ते त्या म्हणाल्या नाहीत. म्हणून बाईंना सांगितलं, हे पाकीट त्याला मंचामागच्या खोलीत द्या, बोलायला उभं राहायच्या दहा मिनिटं आधी, आणि म्हणून पत्र एवढं लांबवलं. आतापर्यंत तुझं नाव पुकारलं जात असेल. आजारपणामुळे चुकीचं आठवलं, असं म्हणायचा विचार करू नकोस, ज्या टीव्हीवर तू पाहिलंस तो वॉर्डात कधी नव्हताच, हे सांगायला काकू माझ्या शेजारी बसल्या आहेत. सुटायला एकच वाट आहे आणि ती एका वाक्याची आहे. माइकपुढे जा आणि सांग, की हे भाग मी पाहिले नाहीत, मला ते एका मुलीनं सांगितले. मग तिचं नाव सांग. एवढं केलंस तर मी स्वतः उठून दिवे लावायला सांगेन, आणि ते सहा भाग पुन्हा कधी दाखवायचे ते आपण दोघं ठरवू. खरं सांगू का? तू तसं करू नयेस, नेहमीसारखंच बोलावंस, अशी माझी फार इच्छा आहे.

तुझीच,
वरच्या मजल्यावरची