चौदावा प्रश्न

११ फेब्रुवारी, जळगाव

प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न आज खोडला. "वडिलांच्या जमिनीतला हक्क राजीखुशीने सोडला का? हो / नाही." धुळ्याकडच्या गावात ज्या ज्या बाईला विचारलं ती "हो" म्हणाली. एक "नाही" म्हणून मिळेना. गाइड सर खूश. म्हणाले, तक्ता स्वच्छ येईल. मला तर धास्तीच वाटली. इतक्या बहिणींनी भावांना जमिनी लिहून दिल्या आणि एकीलाही कधी नको वाटलं नाही?

विचारताना शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं होतं, ते तक्त्यात येत नाही. नवरा, दीर, नाहीतर सासरा. मी प्रश्न वाचायचा, बाईने त्याच्याकडे बघायचं, त्याने म्हणायचं, "हो लिहा, ताई." याला म्हणे सर्वेक्षण.

१९ फेब्रुवारी

सरांकडे गेले. म्हटलं, प्रश्नावली बाजूला ठेवते, बायकांमध्ये जाऊन बसते, त्या बोलतील ते लिहिते, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवते. सरांनी चष्मा काढला. गप्पांना पद्धत म्हणत नाहीत, वैशाली. मी विचारलं, मग दिरासमोर वहिनीचं उत्तर घेणं ही कुठली पद्धत? सरांनी चहा मागवला.

मग कच्च्या प्रकरणावर लाल पेन. जिथे जिथे "मी", तिथे गोल. "मी" नको, "संशोधिका" लिही. शिवाय तुझ्या घरात हाच विषय चालू आहे, तू तटस्थ कशी राहणार?

बाबा गेल्या वर्षी गेले. बोदवडजवळची जमीन. दादाने हक्कसोडीचा कागद तयार ठेवलाय, फक्त माझी सही बाकी. हे सरांना मीच हौसेने सांगितलं होतं. सरांनी त्यांच्या दोन्ही बहिणींच्या सह्या केव्हाच घेतल्यात, हेही त्यांनीच एकदा सांगितलेलं. तर ते तटस्थ, आणि मी नाही.

माणूस वाईट नाही. माझी नोंदणी अडली होती तेव्हा हेच गृहस्थ माझ्यासाठी ऑफिसात भांडले होते. म्हणून तर जास्त चीड येते.

२ मार्च, गाव

त्याच धुळ्याकडच्या गावात सुमनअक्कांकडे उतरलेय. साठीच्या, एकट्या. नवरा नाही, मुलगा सुरतेला. घरात पुरुष नाही म्हणून गल्लीतल्या सगळ्या बायका पापड करायला यांच्याच ओट्यावर. मी वही काढून बसले तर अक्का म्हणाल्या, "पहिले लाटाले बस, मंग इचार." बसले. माझे पापड बघून हसू आवरेना कोणाला. ते नंतर माझ्याच डब्यात भरले.

लाटता लाटता निघालं सगळं. एक बोलली की दुसरी तिचं पुढे न्यायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेराहून भाऊ घ्यायला येतो, मुराळी. बाई माहेरी जाते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. वर्षातले तेवढेच दिवस तिचे. सही करत नाही त्या बहिणीकडे मुराळी येत नाही. तोंडाने कोणी काही बोलत नाही, फक्त कोणी येत नाही. मग बाई पुढच्या वर्षी सही करते. राजीखुशीने.

सगळ्यांत शेवटी सुमनअक्का, म्हणजे सु.अ., बोलल्या. स्वतःची सही कशी झाली ते.

(इथल्या ओळी २४ मार्चनंतर खोडल्या.)

८ मार्च

महिला दिन. कॉलेजात रांगोळी स्पर्धा. तासिकेवर शिकवणाऱ्या आम्हा बायकांना हार-गुच्छ आणायचं काम. सरांचं भाषण, विषय "स्त्रीचा आवाज". लांबलं. आमच्यातल्या कोणाला बोलायला वेळ उरला नाही.

१६ मार्च

सरांनी प्रकरण वाचलं. सकाळी सकाळी फोन. सुमनअक्कांचं निवेदन म्हणजे सोनं आहे, प्रबंधाची सुरुवातच त्याने कर, परिषदेत वाचू, छापू. गेल्या महिन्यात ज्या गप्पा होत्या त्या आज सोनं झाल्या.

खोटं कशाला, मीही हुरळले. मेहरूणला तलावावर चक्कर मारून आले. मनातल्या मनात व्हायवा देत होते.

२४ मार्च, गाव

ठरल्याप्रमाणे वाचून दाखवायला आले. सरांच्या मते हा पुराव्याशी खेळ. बघू म्हटलं.

मजा आली खरं तर. एक म्हणाली, मी रडले असं लिहिलंस ते काढ, मी रडले नव्हते, मी ताट आपटलं होतं. दुसरीने विहिरीच्या पाण्याचं सांगितलं होतं, मी ते किरकोळ समजून वगळलेलं. ते घालायला लावलं. भावाने पाणी तोडलं हेच तर मुख्य, म्हणाली. बरोबर होतं तिचं. दोन दुरुस्त्यांत प्रकरण सुधारलं.

सु.अ.चं वाचलं तेव्हा त्या उठून पाणी आणायला आत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. सगळ्या गेल्यावर माझ्याजवळ बसल्या.

"खरं शे. म्हनीनच काढी टाक."

खरं आहे म्हणूनच काढायचं? म्हटलं, अक्का, नाव बदललंय, गावही बदललंय. त्या हसल्या.

"नाव बदलं. गोट तर मनीच शे ना? आखाजीले भाऊ लेवाले येनार शे."

गोष्ट त्यांचीच, आणि आखाजीला भाऊ घ्यायला येणार होता. हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

२५ मार्च, जळगाव

येताना एस.टी.त सु.अ.चा राग आला. हो, त्यांचा. माझ्या प्रबंधाचं काळीजच काढून घेतलं त्यांनी. मी एवढी गेले, बसले, लाटलं, लिहिलं, मग ते माझंच नाही का?

पारोळ्यापर्यंत हेच चालू. मग एकदम लक्षात आलं की दादाही असाच बोलतो. मी जमीन राखली, मी घाम गाळला, मग माझीच नाही का. पुढे जळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

घरी येऊन आधी रोजनिशीतल्या ओळी खोडल्या. मग फाइलमधल्या.

२ एप्रिल

सरांना सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग समजावणं. विद्या अशी भावनेवर चालत नाही. बायका आज नाही म्हणतात, उद्या हो म्हणतील. आणि मुळात—

"तिची संमतीपत्रावर सही आहे, वैशाली."

"हक्कसोडीवरही आहे, सर."

सरांनी माझी फाइल मिटली.

मग सर थंडपणे म्हणाले, ते निवेदन नसेल तर या प्रकरणात दम नाही. ते घाल, नाहीतर प्रकरण काढ आणि जुना तक्ता लाव. तिसरं काही घेऊन आलीस तर मी सही करणार नाही. मुदत जूनमध्ये संपते, वाढवून मिळणार नाही, तुला माहीत आहे.

माहीत आहे. एवढी वर्षं तासिकेवर काढली ती याच पदवीसाठी. पण तो तक्ता खोटा आहे आणि ते निवेदन माझं नाही. दोन्ही करणार नाही. काय करणार ते मात्र अजून ठाऊक नाही.

९ एप्रिल

दादाचा फोन. आखाजीला घ्यायला येतो, येताना कागदही आणतो, एका फेरीत दोन्ही कामं होतील. अगदी सहज म्हणाला. बायकांनी ओट्यावर सांगितलेली गोष्ट आता माझ्या कानात, माझ्या भावाच्या आवाजात.

म्हटलं, तू ये, कागद घरी ठेवून ये. दादा म्हणाला, "पीएच.डी.ने डोकं फिरवलंय तुझं." फोन ठेवला.

संध्याकाळी आईचा फोन. सही करून टाक गं, मला तुम्ही दोघं समोर हवे आहात. तिला नाही म्हणताना फार रडले. पण नाही म्हटलं. आईनेही कधीतरी मामाला अशीच सही दिली असणार, विचारलं कधी नाही. आज विचारलं. ती म्हणाली, दूध उतू जातंय, ठेवते.

१४ एप्रिल

प्रकरण पुन्हा लिहिलं. सु.अ.च्या जागी एकच वाक्य: "एका बाईने सांगितलेलं तिने परत घेतलं आहे, तो तिचा हक्क आहे." पुढे अर्धं पान कोरं सोडलं. सर म्हणतील छपाईची चूक. म्हणू देत.

पण एक खरं, त्या अर्ध्या पानाने प्रकरण लंगडतं. सरांचं तेवढं म्हणणं बरोबर आहे. तिथे कोणीतरी बोलायला हवं.

१९ एप्रिल, आखाजी

आमरस, पुरणपोळी, सगळं विकत आणलं. एकटीने खाल्लं. खाली रस्त्यावर मोटरसायकल थांबली की खिडकीपाशी जात होते, लाज वाटत होती तरी. समोरच्या घरी मुराळी आला, तिसऱ्या मजल्यावरच्या भाभीकडेही. आमच्या दारात कोणी नाही. एवढ्या बायकांचं ऐकून, लिहून, वाचून दाखवून, हे इतकं लागतं हे मला आज कळलं.

चारच्या सुमाराला सु.अ.चा फोन. माहेरी पोचल्या. मागे गाणी, पोरींचा दंगा, झोक्याच्या कड्या करकरताहेत.

"तुना भाऊ उना का लेवाले?"

"नाही आला, अक्का."

"सही?"

"नाही केली."

मागचं गाणं एक कडवं पुढे गेलं.

"मनं नको लिखू, माय. तुनं लिख."

कोणीतरी हाक मारली, त्यांची झोक्यावर पाळी आली होती, गेल्या.

फाइल उघडली. कोऱ्या अर्ध्या पानावर लिहिलं, "संशोधिकेच्या वडिलांची जमीन". खोडलं. पुन्हा लिहिलं: "माझ्या वडिलांची जमीन बोदवडजवळ आहे. मला सही मागितली गेली. मी केली नाही. यंदा आखाजीला मला घ्यायला कोणी आलं नाही." मग हात थांबेना. अर्धं पान भरून पुढच्या पानावर गेले.

तसंच सरांना पाठवलं. अजून उत्तर नाही. दादाचाही फोन नाही.