हॅनाबाईंचे पान आणि पितळी वाटी

मी विश्वंभर नारायण उपाध्ये, वय अडुसष्ट, राहणार औंढा, नागनाथाच्या यात्रेकरूंच्या कुळांच्या वह्या लिहिणारा, कोणाच्या दाबाविना आणि शुद्धीत हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर नाही असे चुलतभाऊ व्यंकटराव गावभर सांगतात. त्यांचे कारण पुढे येईलच.

राहते घर पत्नी द्वारकाबाई हिने हयातभर वापरावे; तिच्यामागे ते एकुलती मुलगी सुधा (सासरचे नाव प्रेमा) हिचे. परसातल्या लिंबाचा पाला व्यंकटरावांच्या अंगणात पडतो. तो पडू द्यावा.

पूजेची भांडी देवळास द्यावीत. एक पितळी वाटी मात्र व्यंकटरावांना. तिची हकीकत अशी: साठ वर्षांपूर्वी हॅना नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाई इथून जात असता त्यांच्या छकड्याचे चाक मोडले. त्या देवळाबाहेरच्या ओट्यावर टेकल्या. आल्यागेल्याचे कूळ विचारायचे ही वडिलांची सवय. त्यांनी बाईंनाही विचारले. बाईंना मराठी येत होती. म्हणाल्या, "बापाकडची नावे सगळेच लिहितात. माझ्या आईकडची लिहा." वडिलांनी आई, आजी, पणजी अशा सात बायका लिहिल्या, आणि गोत्र ठाऊक नसेल त्याचे काश्यप, या नेमाने बाईंना काश्यप करून टाकले. व्यंकटरावांच्या वडिलांनी बोभाटा केला. याच वाटीतून माझ्या वडिलांना प्रायश्चित्ताचे पंचगव्य प्यावे लागले. पान मात्र त्यांनी फाडले नाही.

गेल्या वर्षी बाईंच्या भाचीच्या मुलीचे अमेरिकेहून पत्र आले. ती घराण्याचा शोध घेत होती. तिकडचे दप्तर आगीत गेलेले. बाईंच्या रोजनिशीत एवढेच की औंढ्याच्या एका भटाने माझ्या आया लिहून घेतल्या. मी सातही नावे उतरवून पाठवली. वाचून आपण रडलो, असे तिने कळवले. तेव्हापासून व्यंकटराव "आमचे अमेरिकेतले यजमान" म्हणून मिरवतात, आणि वह्या पुरुष वारसाकडेच, म्हणजे त्यांच्याकडे, जाव्यात असा हट्ट धरून आहेत.

त्या पत्रानंतर मी आमच्याच कुळाचे पान उघडले. बावीस पिढ्यांचे पुरुष, बाई एकही नाही. माझ्या आईचे माहेरचे नाव मला ठाऊक नाही आणि सांगणारे कोणी उरले नाही. याची मला लाज वाटते.

मग चुलीपाशी जाऊन पत्नीला विचारले, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'द्वारका' मीच लिहिले. त्याआधी तुझे नाव काय होते?

"काहून? पन्नास वर्षांनी आठवलं व्हय?"

मग तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "मनकर्णा. माय मनी म्हणायची. आता कोणी न्हाई म्हणत."

सबब सर्व वह्या सुधेस द्याव्यात. तिचे अक्षर व्यंकटरावांहून चांगले आहे. तिने आमच्या पानावर आधी आपल्या आईचे नाव लिहावे, माझ्या आईसाठी जागा कोरी ठेवावी, आणि स्वतःचे कोणते लिहायचे ते स्वतः ठरवावे. बाईच्या हाती वही देणे धर्माबाहेर असेल, तर प्रायश्चित्ताची वाटी व्यंकटरावांकडे आहेच.

औंढा, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६१.

सही: विश्वंभर नारायण उपाध्ये
साक्षीदार: बाबूसिंग, देवळासमोरचे हलवाई; रूपसिंग, शेजारी
लेखनिक: हरिचंद

पत्नीची संमती, डाव्या हाताचा अंगठा. मी आधी 'द्वारकाबाई' लिहिले होते, ते त्यांनीच खोडायला लावले. हरिचंद.

मनकर्णा